तेरावी शर्यत

१२ ऑगस्ट २०१९, सोमवार

लुडविक येतोय!

दूध आणायला गेलो होतो. दुकानातली बाई म्हणाली, "वित्सेककाका, तुमचा स्वीडनवाला येतोय म्हणे." माझा! माझा कुठून झाला तो? पैसे दिले आणि दूध तिथेच विसरून आलो. पेलागियाने परत पिटाळलं. वर म्हणते, "डोकं कुठे असतं तुझं?"

रक्तदाब १७०. ही वही डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यासाठीच दिली आहे, रोज सकाळी आकडा लिहायचा म्हणून. पण नुसत्या आकड्याने त्यांना काय कळणार?

१३ ऑगस्ट

खरं आहे. मोटरसायकल शर्यतींच्या आमच्या क्लबच्या फाटकावर कागद चिकटवलाय. २२ सप्टेंबर, रविवार, सामन्याच्या आधी समारंभ. आपल्या ट्रॅकच्या पहिल्या वळणाला लुडविक स्किबाचं नाव देणार. वळणाला! त्या वळणावर माझं गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं. मनगट एकदा. आणि नाव कुणाचं? अठ्ठेचाळीस वर्षांत जो एकदाही फिरकला नाही त्याचं.

कागदावर फोटो आहे. केस अजून शाबूत! दातसुद्धा. दात स्वीडनचे असणार.

१५ ऑगस्ट

मेरीमातेच्या सणाचा दिवस. बायका चर्चमध्ये फुलांच्या आणि ओंब्यांच्या जुड्या घेऊन आल्या होत्या. फादर काय बोलले ते मला सांगता यायचं नाही. बाहेर पायऱ्यांवर जो तो मलाच विचारतो, "तुम्ही दोघं एका जोडीत धावायचात ना?" तेलेस्फोर — बागेत माझ्या शेजारी ज्याचा वाफा आहे तो — पाठीवर थाप मारून म्हणाला, "आता गावात दोन दोन हिरो! बसवायचे कुठे?" सगळे हसले. मीही हसलो. जबडा दुखला.

काय एवढं केलं त्याने? लिहून काढतो, म्हणजे तरी डोक्यातून जाईल.

गिरणीच्या गाडीवानाचा मुलगा. पाच भावंडं. आमच्याकडे एक गाय होती, त्यांच्याकडे तीही नव्हती. सातवीनंतर दोघांनीही शाळा सोडली. अठराव्या वर्षी एकाच दिवशी क्लबात गेलो. दोघांत मिळून एक मोटरसायकल, एक चामडी सूट. सूट त्याला नेटका बसायचा, मला ढोपरात तोकडा पडायचा. १९७१च्या मे महिन्यात क्लब स्वीडनला मैत्रीच्या शर्यतींना गेला आणि परतीच्या बोटीवर लुडविक चढलाच नाही. सकाळी नाश्त्याला होता, संध्याकाळी नव्हता. वर्षभर तिथे ट्रकची चाकं बदलली म्हणे. मग स्वीडनच्या संघात, मग इंग्लंडच्या, मग त्यांचा पासपोर्ट, त्यांचा झेंडा. मांडी मोडली, पुन्हा उभा राहिला. जागतिक अंतिम फेरी तीन वेळा. एकदा जगात दुसरा! चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी सोडली ती टीव्हीवर बोलायला. तळ्याकाठी घर.

आणि मी? राज्य तेव्हा कम्युनिस्टांचं; जोडीदार पळाला म्हणून माझा पासपोर्ट पोलिसांच्या कपाटात कुलूपबंद. परदेशात पुन्हा एकही शर्यत नाही. तीन वर्षांत पाठ कामातून गेली. मग साखर कारखान्यात बॉयलरपाशी एकतीस वर्षं.

जगात दुसरा. अरे, मी आयुष्यभर तुझ्यामागे दुसरा होतो, मला कुणी विचारलं?

डोक्यातून काही गेलं नाही.

१६ ऑगस्ट

१७४. बेरीच्या झुडपांना पाणी घातलं. झुडपांचा काय दोष, पण एक फांदी मोडली.

१९ ऑगस्ट

वाचनालयातली कोर्नेलिया सायकलवरून आली. तिशीची पोर, चष्मा, बोलते हळू. ती लुडविकच्या आयुष्यावर पुस्तिका लिहितेय. जन्मापासून आजपर्यंत. पेलागियाने तिला काकडीचं लोणचं दिलं. मला वाटलं चहा पिऊन जाईल. पण बसली ती बसलीच.

"काका, सत्तर सालच्या तेराव्या शर्यतीबद्दल सांगा ना. क्लबच्या इतिहासाच्या वहीत तुम्ही पहिले आहात."

मी सांगितलं. नेहमी सांगतो तसंच. दर वर्षी शाळेत सांगतो, माझ्या नावाच्या संताच्या दिवशी, नामदिनाला, पाहुण्यांना सांगतो, न्हाव्याकडे सांगतो. सुरुवातीच्या रेषेवरची दोरी वर उडाली, मी सुटलो, चार फेऱ्या कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पोरगी ऐकत होती. पेन्सिल हातात, पण लिहीत नव्हती.

"आणि लुडविक स्किबा?"

"तो नव्हता त्या शर्यतीत."

पेलागिया उठून स्वयंपाकघरात गेली.

मग जाता जाता कोर्नेलियाने तिलाच विचारलं, "काकू, तुमच्याकडे जुने प्रोग्राम आहेत का हो?" आणि ही म्हणते, "आहेत की! बिस्किटांच्या डब्यात. एकही टाकला नाही."

 आपल्याकडे ट्रॅकवर येणारा प्रत्येक माणूस फाटकाशी प्रोग्राम विकत घेतो आणि मांडीवर ठेवून पेन्सिलीने भरतो. कोण पहिला, कोण दुसरा, किती गुण. एक शर्यत चुकली तर शेजाऱ्याला विचारून भरतील, पण चौकट कोरी ठेवणार नाहीत. पेलागियाही भरायची. आणि सत्तर साली ती तिथे होती.

कोर्नेलिया पुढच्या महिन्यात, सहा तारखेला, डबा न्यायला येणार.

२० ऑगस्ट

 एकदा इथे खरं लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

२७ सप्टेंबर १९७०. ऊन. वरच्या श्रेणीत जायचं तर ब्रॉडनिक गावच्या संघाला हरवणं भाग होतं. बारा शर्यती झाल्या होत्या, ते ३७, आम्ही ३५. उरली तेरावी. बरोबरी चालणार नव्हती. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला भोपळा. म्हणजे आम्हा दोघांना पहिलं आणि दुसरंच यायला हवं होतं. लुडविक लाल हेल्मेटमध्ये, मी निळ्या. त्यांचे पांढरा आणि पिवळा. पांढरा म्हणजे झिगफ्रीड टोमाला, त्यांचा सगळ्यात भारी गडी.

दोरी उडाली. लुडविक सुटला तो सुटलाच. मी त्याच्या मागे. चार फेऱ्या मी काय पाहिलं? त्याची पाठ. त्याची पाठ आणि त्याच्या मागच्या चाकाने उडवलेली माती. चष्म्यावर, दातांत, नाकात. आमच्या गाड्यांना ब्रेक नसतात. डावा पाय जमिनीला घासत वळायचं आणि मूठ सोडायची नाही. माझ्या मागे तो टोमाला होता, कधी आतून घुसायचा, कधी कुंपणाच्या बाजूने, त्याचं चाक दोनदा माझ्या पोटरीला लागलं. पण त्याचं काय! मला ती पाठ आठवते. जोडीत धावणाऱ्याने मागे वळून जोडीदार बघायचा असतो, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. लुडविकने चार फेऱ्यांत एकदाही पाहिलं नाही.

लाल पहिला, निळा दुसरा. ४०–३८. लोकांनी कुंपण मोडलं आणि त्याला खांद्यावर घेतलं. मी माझी गाडी ढकलत आत नेली.

हे खरं.

पुढच्या वर्षी तो पळाला. क्लबचा सेक्रेटरी ग्रुष्का, त्याने मला खोलीत बोलावलं. इतिहासाच्या वहीचं एक पान फाडलं होतं आणि नवं लिहून ठेवलं होतं. तेरावी शर्यत : पहिला मी, दुसरा फाबिसियाक. फाबिसियाक त्या दिवशी राखीव होता, बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होता! ग्रुष्का म्हणाला, "लुडविक स्किबा नावाचा माणूस या क्लबात नव्हता. कळलं? तुझं काय जातंय? मिळतंय ते घे." मी घेतलं. फाबिसियाकनेही घेतलं. तो गेला २००३ मध्ये, ग्रुष्का त्याच्या आधीच. आम्ही दोघं त्या गोष्टीवर एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

सुरुवातीला सगळ्यांना माहीत होतं, पण लुडविकचं नाव मोठ्याने घ्यायची सोय नव्हती. मग नवे लोक आले. ऐंशी साली क्लबात तेराव्या शर्यतीचा विजेता म्हणून माझ्या नावाचा फलक लागला. पितळेचा. पितळेत कोरलेलं खरं वाटायला लागतं. मलासुद्धा वाटायचं, पाच पाच महिने.

त्याच्याकडे एवढं सगळं आहे. ही एक शर्यत राहू दे की मला!

२८ ऑगस्ट

बेर्नार्डाबाईंना पोहोचवून आलो. एक्याण्णव वर्षांच्या होत्या. सत्तर साली त्या तिसऱ्या ओळीत बसल्या होत्या, हिरवा रुमाल बांधून. खड्ड्यावर माती टाकताना काय आलं मनात? आणखी एक कमी.

वीस वर्षं मी गावातली एकही अंत्ययात्रा चुकवलेली नाही. लोक म्हणतात, वित्सेक माणुसकीचा. मी मोजत असतो. त्या दिवशी ट्रॅकवर असलेल्यांपैकी माझ्या हिशेबाने दहा जण उरलेत. त्यातल्या चौघांना स्वतःचं नाव आठवत नाही.

देवा, काय लिहितोय मी!

३ सप्टेंबर

पेलागिया दातांच्या डॉक्टरकडे गेली होती. डबा उघडला. सापडला. मधोमध घडी, कडा पिवळ्या. तेराव्या चौकटीत तिचं बारीक अक्षर : स्किबा ३. वित्सेक २. टोमाला १.

तिने मला वित्सेक लिहिलंय. बाकी सगळ्यांची आडनावं.

खोडून पाहिलं. पेन्सिल निघते, पण कागदात खोल उमटलेलं निघत नाही. जोरात लिहिलं होतं तिने.

५ सप्टेंबर

जाळला. बागेत बटाट्याच्या पाल्याबरोबर. तेलेस्फोर कुंपणावरून ओरडला, "धूर इकडे येतोय रे, हिरो!" मी म्हटलं, वारा माझ्या हातात आहे का?

६ सप्टेंबर

कोर्नेलिया आली. डब्यातला एक एक प्रोग्राम उचलून बघितला. मग म्हणाली, "सत्तरचा शेवटचा दिसत नाहीये, काकू."

पेलागियाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"उंदरांनी खाल्ला असेल," पेलागिया म्हणाली.

पोरगी गेल्यावर दार लावून हिने विचारलं, "कुठे आहे?"

"जाळला."

ओरडली असती तर बरं झालं असतं. टेबलावरचे पावाचे तुकडे हाताने गोळा करत म्हणाली, "अठ्ठेचाळीस वर्षं दर नामदिनाला तू ती गोष्ट सांगतोस आणि मी सॅलड वाढते. कधी तोंड उघडलं मी? कुणाजवळ? सांग ना. मग त्या कागदाने तुझं काय वाकडं केलं होतं?"

मी दूध आणायला बाहेर पडलो.

९ सप्टेंबर

चार दिवस बटाटे बिनमिठाचे. मीठ मागायची हिंमत नाही. १८१.

१४ सप्टेंबर

आता कागद नाही. ग्रुष्का नाही, फाबिसियाक नाही. लोक ज्याचं ऐकतील असा उरला फक्त एक साक्षीदार, आणि तोच विमानात बसून येतोय. त्याच्या हातात माइक देणार! चार हजार लोकांसमोर एक वाक्य बोलला की मी संपलो. शाळेतली पोरं बोटं दाखवतील. न्हावी काय म्हणेल? तेलेस्फोर तर मेलो तरी सोडायचा नाही मला.

आजारी पडता आलं तर बघतो.

१८ सप्टेंबर

आजारी पडलो नाही. इतकी वर्षं सारखं काही ना काही दुखतं, आणि आता गरज आहे तर ठणठणीत!

२१ सप्टेंबर

आला. क्लबच्या दारात मला बोलावून घेतलं होतं. गाडीतून आधी काठी बाहेर आली, मग तो. वाकलाय. मला आनंद झाला, लिहितो ते खरंच लिहितो, झाला! मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, "वित्सेक! अरे माकडा, तू अजून जिवंत?" आणि मला मिठी मारली. महागातल्या साबणाचा वास. बोलतो आपलीच भाषा, पण थांबून थांबून, शब्द शोधत.

मग आत गेला आणि त्या फलकासमोर उभा राहिला. वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढून पुसला.  मी भिंतीला टेकलो. अध्यक्ष म्हणाले, "काका, खुर्ची देऊ का?" मी म्हटलं, आपल्याच क्लबात मला खुर्ची कशाला?

२२ सप्टेंबर, रविवार

 क्रमाने लिहितो.

माणसं गच्च. बँड. वळणावर पांढरा कपडा टाकलेली पाटी, त्याने दोरी ओढली, टाळ्या. मला पहिल्या ओळीत बसवलं होतं, पेलागिया शेजारी, मांडीवर प्रोग्राम, कानावर पेन्सिल. निवेदकाने त्याला सगळं विचारलं. गिरणी, बोट, ट्रकची चाकं, इंग्लंड, मोडलेली मांडी. लोक श्वास रोखून ऐकत होते. लुडविक हसवत होता. म्हणाला, "स्वीडनमध्ये पहिलं वर्ष मी फक्त हेरिंग मासळी खाल्ली आणि हो म्हणायला शिकलो. हो म्हटलं की काम देतात. नाही म्हणायला शिकलो तेव्हा पैसे वाढवले."

मग निवेदक म्हणाला, "आणि आपली सत्तर सालची तेरावी शर्यत! तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

पेलागियाने माझा हात धरला. धरला!

लुडविक वळला. मला शोधलं त्याने नजरेने. "ट्रॅकवर होतो," म्हणाला. "मी दुसरा. वित्सेक पहिला."

 मग काय गर्जना! "ऐकलंत? खुद्द स्किबा सांगतोय!" निवेदक किंचाळत होता. सगळे उभे राहिले. माझ्या नावाचा घोष. चार हजार माणसं माझं नाव घेत होती. मागून कुणी माझा खांदा हलवत होतं, कुणी गालाची पापी घेतली.

जन्मभर याचीच वाट पाहिली होती मी. आणि मला वाटलं, सगळ्यांसमोर कुणी मुस्काटात मारली.

२३ सप्टेंबर

न्हाव्याने पैसे घेतले नाहीत. दुकानातल्या बाईने सॉसेज जास्त घातलं. तेलेस्फोर कुंपणापाशी टोपी काढून उभा. मी झुडपांना पाणी न घालताच घरी आलो.

२४ सप्टेंबर

लुडविक घरी आला चहाला. पेलागियाने आलुबुखाऱ्याचा केक केला, तो माझ्या वाढदिवसालाही झाला नव्हता. त्याला पकडीतल्या काचेच्या ग्लासात चहा. मला कानतुटका कप.

तीन तुकडे खाल्ले त्याने. "असा केक तिथे नाही मिळत, पेला." पेला! लग्नाआधी तिला सगळे पेला म्हणायचे. ती लाजली. पंच्याहत्तर वर्षांची बाई!

ती भांडी घेऊन आत गेल्यावर मी विचारलं, "का बोललास तसं?"

"कसं?"

"सोंग नको करूस. मी पहिला म्हणून."

"फलक वाचला ना मी." केकचा चुरा बोटाने टिपत होता. "पितळेचा, चांगला चार स्क्रूंनी बसवलेला. म्हटलं कशाला उचकटायचा? भिंत खराब होते."

"भिंत?"

"वित्सेक, माझ्या तळघरात दोन खोल्या भरून करंडक आहेत. मुलगी विचारते, बाबा, हे भंगारवाला नेईल का? एक शर्यत इकडची तिकडे झाली तर काय बिघडतं?"

इकडची तिकडे!

"तुला आठवते तरी का ती?"

त्याने डोळे मिटून विचार केला. खरंच विचार केला. "पाऊस होता ना त्या दिवशी?"

पाऊस! लख्ख ऊन होतं! घामाने हातमोजे चिंब झाले होते, इतकं ऊन!

तो गेल्यावर मी त्याचा ग्लास नळाखाली दोनदा धुतला.

२५ सप्टेंबर

मी जे लपवलं, ज्याच्यासाठी मयतांना गेलो, ज्याच्यासाठी बायकोचं अक्षर जाळलं, ते त्याला आठवतसुद्धा नाही. आणि त्याने ते मला दिलं! ताटातलं उरलेलं शेजाऱ्याच्या ताटात सरकवावं तसं. वर सगळं गाव म्हणतंय, काय मोठं मन! फादरही म्हणाले.

पुढे तोच. शर्यतीत तोच, जगात तोच, केसांत तोच. आता मोठ्या मनातही तोच पुढे आणि मी त्याची माती खात मागे?

नाही. इथे नाही जाऊ देणार.

२६ सप्टेंबर

पेलागियाला सांगितलं, उद्या वाचनालयात जाऊन खरं सांगणार आहे. तिने विचारलं, "पश्चात्ताप झाला?" मी म्हटलं, कसला पश्चात्ताप, त्याचं दान नको मला. ती म्हणाली, "बरं. कारण काही का असेना. स्वच्छ शर्ट घाल."

जेवणात मीठ होतं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

वाचनालय नऊला उघडतं. मी साडेआठला पायरीवर.

कोर्नेलियाने खुर्ची दिली. मी बसलो नाही. म्हटलं, "लिहून घे. तेरावी शर्यत. लाल पहिला, लुडविक स्किबा. निळा दुसरा, मी. फाबिसियाक बाकावर होता. पान ग्रुष्काने बदललं आणि मी गप्प बसलो. प्रोग्राम उंदरांनी नाही, मी जाळला. लुडविक रविवारी बोलला ते खोटं. लिही, खोटं बोलला तो! उपकार म्हणून."

एका दमात बोललो.  ती लिहीत नव्हती. मला राग आला. "अगं लिही ना! रोज रोज नाही यायचो मी."

ती उठली. कपाटातून एक जाड पाकीट काढलं. "काका, हा माझ्याकडे फेब्रुवारीत आला. ब्रॉडनिकहून. तिथले एक गृहस्थ वारले, मुलाला घर आवरताना सापडला."

प्रोग्राम. आमचाच, त्याच दिवसाचा. पेन्सिलीने भरलेला, अनोळखी अक्षर.

आता बसलो. ब्रॉडनिकवाले! खास गाड्या करून आले होते ते, पलीकडचा अख्खा कठडा त्यांचा. दोन हजार माणसं, आणि प्रत्येकाच्या मांडीवर प्रोग्राम, प्रत्येकाच्या हातात पेन्सिल! ते सगळे कागद घेऊन घरी गेले. आणि मी मूर्ख वीस वर्षं आपल्याच गावची मयतं मोजत बसलो.

"म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग घरी येऊन विचारलंस कशाला, माझी परीक्षा घ्यायला?"

"नाही हो काका." पोरीचे कान लाल झाले. "पुस्तिकेत त्या शर्यतीची जागा कोरी ठेवलीये मी. म्हटलं, ती तुमच्या तोंडून यावी. तुम्ही आला नसतात तर काय केलं असतं मला माहीत नाही."

मग तिने लिहून घेतलं. सगळं. मी सही केली. सोमवारी क्लबात जाऊन फलकाचे स्क्रू मी स्वतः काढणार, तेही लिही म्हटलं.

निघताना तिने ब्रॉडनिकच्या त्या पानाची प्रत हातात दिली. "मागच्या बाजूला, खाली, समासात काहीतरी लिहिलंय. निवांत वाचा." चष्मा घरी राहिला होता. घडी करून खिशात टाकली.

२८ सप्टेंबर

चष्मा लावून वाचलं. समासात, तिरकं, पेन्सिल इतकी दाबलेली की शब्द दुहेरी दिसतात :

"लाल गेला तो गेला, त्याचं काही नाही. आम्हाला बुडवलं त्या निळ्याने. चार फेऱ्या झिगफ्रीडला बोटभर वाट दिली नाही, हलकट! असला एक आमच्याकडे असता तर वरच्या श्रेणीत गेलो असतो."

पेलागियाला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "पुन्हा वाच."